धूळ अजून त्यांची

कागद तीन खोक्यांतून आले, एस्टीच्या पार्सलनं, विट्याला.
बारा वर्षांचं विमान. दोन मालक.
उतरणी दोन हजार आठशे एकेचाळीस,
प्रत्येक लिहून ठेवलेली, तारखेनिशी, सहीनिशी.

मी कऱ्हाडचा बीकॉम, सर्जेरावअण्णांचा हिशेबनीस.
शब्दकोश मांडीवर घेऊन आठ रात्री वाचतोय
कुठला पंखा कधी उतरवला, कुठली नळी पाझरली.
एका पानावर नुसतं:
पक्षी धडकला, डावं इंजिन, साफ केलं.
पक्ष्याचं नाव नाही.

"दात किती?" अण्णा विचारतात.
खरसुंडीच्या बाजारात त्यांचे वडील
खोंडाचा जबडा फाकवून बघायचे, त्याच सुरात.
"जुळलाय, अण्णा. पण खांदा शाबूत."
"मारका न्हाय न्हवं?"
मी पक्ष्याचं पान उलटतो.

दलाल आला हैदराबादचा, निळ्या कोटात,
आणि किंमत बोलला मोठ्यानं, चहा देणाऱ्या पोरासमोर.
अण्णा शरमले.
खिशातला रुमाल काढून त्याच्या हातावर टाकला,
आत बोटं धरली: एवढे कोटी, वर एवढे लाख.
त्या बिचाऱ्याला कळेना,
तो रुमालाखाली नुसताच हात हलवत राहिला,
भेटून आनंद झाल्यासारखा.

एका टाकीत अँटवर्प, असं पत्रकात आहे.
कुठून, ते मी अण्णांना दोनदा सांगितलं.
कऱ्हाडची पट्टी आखूड पडते.
कवलापूरच्या पट्टीवर गवत.
हे जनावर आपल्या जिल्ह्यात
पाय टेकणारच नाही कधी,
हैदराबादला राहील, भाड्याच्या छपराखाली.
"मग काय झालं," अण्णा म्हणाले,
"मी कुठं ऱ्हायलो हितं?"
कोईमतूर, कटक, कोचीन.
गलाईवाल्याचं घर गावात, भट्टी परमुलखात,
आणि छातीत तेजाबाचा धूर.

त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली:
"मधी कुठं थांबत न्हाय न्हवं?"
मला गुंटकल जंक्शन ठाऊक आहे, ऐकून.
चुकलेली गाडी, फलाटावरच्या दोन रात्री,
आणि लेंगऱ्याला पोचले तेव्हा
वडिलांच्या तेराव्याची पंगत उठत होती.
मी म्हणालो, "नाही थांबत."

विमान बघायला गेलो तेव्हा
दलाल दाखवत होता अक्रोडाचं टेबल,
खुर्ची जी झोपते, दिवा जो हळूहळू उजाडतो.
अण्णा दिसेनात.
खाली होते, गालिच्यावर, गुडघे टेकून.
खुर्चीच्या रुळातून नखानं केर काढत होते,
चिमूट चिमूट, माझ्या पाकिटात.
सराफाच्या दुकानाची झाडलोट विकत घेऊन
त्यातनं सोनं काढलं आयुष्यभर.
हात विसरत नाही.

काल रात्री परसातली जुनी भट्टी पेटवली.
पंचाहत्तरीचा माणूस, भाता मारतोय.
मूस लाल झाली, टाकणखार उकळला,
केस जळल्याचा वास, कुणाच्या तरी केसांचा.
वैजयंतामामी दारात आल्या, काही न बोलता गेल्या.
निवल्यावर मूस फोडली.
तळाला मोहरीएवढा एक पिवळा थेंब,
कुणाच्या कानातली कडी,
कुठल्या समुद्रावर तुटली होती, देव जाणे.

काट्यावर अर्धी गुंज.
मी हसलो. ते हसले नाहीत.
"खरेदीखत झालंय?"
"सोमवारी."
"मग धूळ अजून त्यांची."

आज सकाळी विट्याच्या कुरियरवाल्यानं
पुडी हलवून बघितली, कानाशी नेली.
आत काय, म्हणाला.
केर, म्हणालो, विमानातला.
त्यानं तसंच लिहिलं, केर,
आणि पेन थांबवून विचारलं,
किंमत काय टाकू?